खारी वाळू, बारीक साखळी आणि धातुशोधकाची निवड

समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात आणि त्या क्षारांमुळे ते पाणी विजेचे वाहक बनते. शालेय पाठ्यपुस्तकातली ही साधी माहिती किनाऱ्यासाठी धातुशोधक, म्हणजे मेटल डिटेक्टर, विकत घेणाऱ्याने विसरली, तर शेतात किंवा मैदानात निमूटपणे चालणारे यंत्र ओल्या पुळणीवर नेताच अखंड किणकिणू लागते. यंत्राच्या तळाशी तारेचे वेटोळे, म्हणजे कॉइल, असते. तिच्यातून बदलता प्रवाह सोडला की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते, ते क्षेत्र जवळच्या वाहक वस्तूत भोवऱ्यासारखे फिरणारे प्रवाह उठवते, आणि या आवर्त प्रवाहांनी निर्माण केलेले उलट क्षेत्र यंत्र टिपते. सोन्याची वाहकता सागरजलाच्या सुमारे ऐंशी लाख पट असली, तरी कॉइलखाली अंगठी असते दोन-चार ग्रॅमची आणि ओली वाळू असते कित्येक घमेली, त्यामुळे मिठाचा क्षीण संकेत आकारमानाच्या जोरावर सोन्याच्या संकेताशी बरोबरी करतो.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. खारे पाणी यंत्राच्या लहरी अडवते, असे विक्रेतेही सांगतात. परंतु १० किलोहर्ट्झ वारंवारतेला सागरजलात क्षेत्राची तीव्रता एक-तृतीयांशाच्या आसपास येण्यासाठी सुमारे सव्वादोन मीटर खोली लागते, आणि शोध तर वीतभर, फार तर हातभर खोलीचा असतो. लहरी पोहोचतातच, मिठाचा नको असलेला आवाज त्यांच्यासोबत परत येतो, ही खरी अडचण आहे.

पिंपरी-चिंचवडपासून भोसरी, तळवडे, म्हाळुंगे, निघोजे असे करत चाकणपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्याला हे तत्त्व परके नाही. वाहनांच्या जोडणी-साखळीवर सुटा भाग जागेवर आला की नाही हे सांगणारे प्रॉक्झिमिटी सेन्सर, दंड आणि बेअरिंगच्या कड्यांतले तडे शोधणारी आवर्त-प्रवाह चाचणी, आणि खाद्यपदार्थ व औषधे यांच्या वेष्टनापूर्वी पट्ट्यावर बसवलेली धातुशोधक चौकट ही एकाच कुळातली उपकरणे आहेत. याच पट्ट्यातली कुटुंबे सुट्टीच्या दिवशी ताम्हिणी उतरून दिवेआगर-हरिहरेश्वरला किंवा खोपोली-पेणमार्गे अलिबाग-काशीदला जातात आणि तिथल्या लाटांत अंगठ्या, साखळ्या, जोडवी हरवून येतात. तेव्हा अशा पट्ट्यातल्या एखाद्या हौशी गटाने वर्गणी काढून एकच यंत्र घ्यायचे ठरवले, तर त्यात दोन पक्ष पडणे साहजिक आहे. एक पक्ष देखभाल विभागातून निवृत्त झालेल्या तंत्रज्ञाचा, दुसरा अन्नप्रक्रिया कारखान्यातल्या गुणवत्ता-अभियंता बाईंचा. त्यांना येथे नावे दिलेली नाहीत, कारण या वादात त्यांचे काम व्यक्तींपेक्षा पक्षांचे आहे.

तंत्रज्ञ : मॅडम, यंत्राने कमीत कमी शहाणपणा करावा, हा देखभालीतला जुना नियम आहे. स्पंद-प्रवर्तन पद्धतीचे, म्हणजे बाजारात ज्याला पल्स इंडक्शन किंवा पी.आय. म्हणतात ते यंत्र कॉइलमध्ये प्रवाहाचा एक ठोसा देते, तो एकदम तोडते, दहा-पंधरा मायक्रोसेकंद थांबते आणि मग ऐकायला लागते. मिठातले प्रवाह तेवढ्या वेळात विरून जातात, धातूतले अजून फिरत असतात. जे उरले ते धातू. यात गणित नाही, पडदा नाही, मेन्यू नाही. गॅरेट कंपनीचे सी हंटर मार्क टू याच पद्धतीचे आहे आणि ते ६५ मीटर पाण्याखालीही चालते.

अभियंता : काका, जे उरले ते धातू, हे मान्य, पण कोणता धातू? अलिबागच्या कोळीवाड्याजवळ उरते ते होडीच्या फळीतून निखळलेला खिळा, बाटलीचे बिल्ले आणि गंजलेली तार. पी.आय.ला खिळा आणि अंगठी यांतला भेद जवळजवळ कळत नाही. ओहोटीचे दोन-तीन तास हातात असतात, त्यांतला निम्मा वेळ लोखंड उकरण्यात गेला तर तो कारखान्यातल्या खोट्या रिजेक्शनसारखाच तोटा आहे. अनेक वारंवारता एकाच वेळी सोडणारे यंत्र परत आलेल्या संकेताची कला, म्हणजे सोडलेल्या लहरीपेक्षा तो किती मागे पडला, हे पाहते आणि लोखंड वेगळे काढते.

तंत्रज्ञ : वेगळे काढते, की वेगळे काढल्यासारखे दाखवते? ॲल्युमिनियमच्या डब्याचे ओढायचे झाकण आणि सोन्याची अंगठी पडद्यावर एकाच आकड्यावर येतात, हे त्याच यंत्रांचे वापरकर्तेही नाकारत नाहीत.

अभियंता : येतात. म्हणून ॲल्युमिनियम उकरावेच लागते. लोखंड मात्र सोडता येते, आणि मासेमारीच्या गावाजवळ लोखंड वगळता आले तरी अर्धे काम झाले.

या टप्प्यावर तिसरा पर्याय, एका वारंवारतेचे यंत्र, बाजूला ठेवणे सोपे जाते. भारतात सहज मिळणारी आणि स्वस्त म्हणून आधी नजरेत भरणारी बहुतेक यंत्रे याच प्रकारची असतात. उदाहरणार्थ, गॅरेटचे एस ३०० हे ८ किलोहर्ट्झ या एकाच वारंवारतेवर चालते आणि त्याची केवळ कॉइल पाण्यात बुडवता येते, वरची पेटी नाही. भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत, अशा यंत्राला नावे ठेवण्यासारखे काही नाही. ओल्या वाळूत मात्र ते अडते, आणि त्याचे कारण कोकणाच्या भूगर्भात आहे.

रायगड-रत्नागिरीची वाळू बऱ्याच अंशी दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकाचा चुरा आहे. काशीदची वाळू फिकट असली तरी अलिबागची काळसर आहे, आणि रत्नागिरीजवळच्या काळबादेवीसारख्या उपसागरांत तर इल्मेनाइट हे लोह-टायटॅनियमचे जड खनिज मॅग्नेटाइटच्या सोबतीने दाट साचलेले आहे. चुंबकीय खनिजाचा संकेत सोडलेल्या लहरीशी जवळपास समकाल असतो, तर मिठाचा संकेत पाव आवर्तनाने सरकलेला असतो. भूसंतुलन, म्हणजे जमिनीचा स्वतःचा संकेत शून्यावर आणण्याची सोय, एका वारंवारतेच्या यंत्रात एकाच दिशेचा संकेत पुसू शकते: काळी वाळू पुसली तर मीठ बोलते, मीठ पुसले तर काळी वाळू. पांढऱ्या वाळूच्या परदेशी किनाऱ्यांसाठी लिहिलेल्या शिफारशी कोकणात जशाच्या तशा लागू पडत नाहीत, याचे मूळ येथे आहे.

तंत्रज्ञ : हीच तर पी.आय.ची बाजू आहे. चुंबकीय खनिज ठोसा चालू असेपर्यंत साथ देते आणि ठोसा तुटला की जवळजवळ त्याच क्षणी गप्प होते. दहा मायक्रोसेकंदांनी मीठही गप्प, काळी वाळूही गप्प. दोन रोगांना एक औषध.

अभियंता : काळ्या वाळूबाबत ही बाजू निर्विवाद आहे. पण त्या दहा मायक्रोसेकंदांत आणखी कोण गप्प होते, तेही पाहावे लागेल. किनाऱ्यावर काय हरवते, याची यादी आधी करू. अंगठी हरवते, ती सलग वर्तुळ असल्यामुळे तिच्यात प्रवाह मनसोक्त फिरतो आणि कोणतेही बरे यंत्र ती सांगते. जोडवी चांदीची, म्हणजे उत्तम वाहक, पण पुष्कळदा खालून उघडी असतात. वर्तुळ तुटले की संकेत पडतो. आणि साखळी? साखळीच्या कड्या एकमेकींना नुसत्या टेकलेल्या असतात, त्यांतून सलग प्रवाह फिरत नाही. गळ्यातली साखळी दोन तोळ्यांची असली, तरी यंत्राला दिसते ती एकेक कडी, आणि एका बारीक कडीतला प्रवाह काही मायक्रोसेकंदांत विरतो. म्हणजे मिठाबरोबरच.

तंत्रज्ञ : मग थांबण्याचा वेळ कमी करायचा. चांगल्या पी.आय. यंत्रात तेवढी सेटिंग असते.

अभियंता : कमी केला की साखळी ऐकू येईल, आणि तिच्याबरोबर मीठही. काही पी.आय. यंत्रांत कचरा गाळण्याचे जे बटण असते, ते उलट हाच थांबा वाढवते; त्यात पातळ पत्रा गळतो आणि पातळ अंगठीही गळते.

तंत्रज्ञ : आणि अनेक वारंवारतांच्या यंत्रात साखळी गळत नाही, असे म्हणायचे आहे का?

हा प्रश्न या वादातला सर्वांत नेमका प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर अभियंता बाईंच्या पक्षाला अडचणीचे आहे. अनेक वारंवारतांचे यंत्र मीठ कसे वगळते, ते एका कल्पित हिशेबाने स्पष्ट होईल. मिठातला आवर्त प्रवाह वारंवारतेच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ५ किलोहर्ट्झला त्याचा संकेत एक धरला तर १५ किलोहर्ट्झला तो तीन भरतो. यंत्र पहिल्या संकेताची तिप्पट दुसऱ्यातून वजा करते आणि मीठ शून्यावर येते. जाड अंगठीचा संकेत या पट्ट्यात तिपटीने वाढत नाही, तो आधीच बराचसा शिगेला पोहोचलेला असतो, म्हणून वजाबाकीनंतर अंगठी उरते. परंतु साखळीच्या बारीक कडीचा संकेत मिठासारखाच, जवळजवळ तिपटीने, वाढतो. वजाबाकीत तीही जाते. पी.आय. जे काळाच्या मापाने करते, तेच हे यंत्र वारंवारतेच्या मापाने करते, आणि ज्याने फूरिए रूपांतर शिकलेले आहे त्याला या दोन भाषा एकमेकींत उतरवता येतात हे ठाऊक असते. झटपट विरणारा प्रवाह आणि वारंवारतेच्या प्रमाणात वाढणारा संकेत ही एकाच वस्तूची दोन वर्णने आहेत. मीठ आणि अतिबारीक साखळी यंत्राच्या दृष्टीने शेजारी राहतात. एकाला हाकलले की दुसऱ्याला धक्का बसतोच. जाहिरातीत ‘खाऱ्या पाण्यावर मात’ अशा अर्थाचे जे शब्द असतात, त्यांत या किमतीचा उल्लेख सहसा नसतो.

अभियंता : गळते, काका. अन्नाच्या कारखान्यातही हेच घडते. कोरड्या बिस्किटातला सूक्ष्म तुकडा सहज सापडतो, पण ओलसर, खारट लोणच्यात पदार्थच स्वतः संकेत देतो. त्याला उत्पादन-परिणाम म्हणतात, आणि तो पुसताना स्टेनलेस स्टीलचा बारीक तुकडा निसटतो. तिथे उपाय एकच असतो: लोहाचा, बिगर-लोहाचा आणि स्टेनलेस स्टीलचा असे ठरावीक व्यासाचे नमुने पट्ट्यावरून नियमित सोडायचे, आणि यंत्र काय सांगते यापेक्षा काय सांगत नाही याची नोंद ठेवायची.

तंत्रज्ञ : म्हणजे साखळीसाठी दोन्ही यंत्रे सारखीच कच्ची. मग महाग यंत्र कशासाठी?

अभियंता : सारखी म्हणता येणार नाहीत. वजाबाकी किती कडक करायची, हे बऱ्याच यंत्रांत कोरडी वाळू, ओली वाळू, पाण्याखाली अशा पायऱ्यांनी बदलता येते, आणि कोरड्या भागात मीठ वगळायची गरजच नसल्यामुळे तिथे साखळीही सापडते. शिवाय मंगळसूत्र म्हणजे केवळ काळे मणी आणि तार नव्हे; त्याच्या वाट्या पातळ पत्र्याच्या असल्या तरी त्यांची कड सलग वाटोळी असते. तार गप्प राहिली तरी वाटी बोलण्याची शक्यता असते, आणि तो हलका आवाज लोखंडाच्या गोंगाटातून वेगळा काढता आला पाहिजे.

यंत्रांची नावे घ्यायची तर ऑस्ट्रेलियातील माइनलॅब कंपनीचे एक्सकॅलिबर टू हे १.५ ते २५.५ किलोहर्ट्झ या पट्ट्यातल्या १७ वारंवारतांवर चालणारे जुने आणि पाणबुड्यांच्या भरवशाचे यंत्र आहे. त्याच कंपनीचे २०१८ मध्ये आलेले इक्विनॉक्स ८०० तीन मीटर पाण्यापर्यंत चालते, आणि फ्रान्समधील एक्सपी कंपनीचे ड्यूस टू वीस मीटरपर्यंत. गुडघाभर पाण्यात शोधणाऱ्याला या आकड्यांतला फरक निरर्थक आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे कॉइलचा आकार: मोठी कॉइल खोल पाहते तशी मीठही जास्त पाहते, म्हणून ओल्या वाळूत मध्यम आकाराची, आणि इंग्रजी डी अक्षराच्या दोन आकृत्या पाठीला पाठ लावल्यासारखी गुंडाळलेली डबल-डी कॉइल अधिक स्थिर चालते. लाटेचे पाणी कॉइलवरून येत-जात असताना मिठाचे प्रमाण क्षणाक्षणाला बदलते, म्हणून ज्या पट्ट्यात लाट फुटते तिथे कोणतेही यंत्र कुरकुरतेच.

चाचणीच्या बाबतीत तंत्रज्ञ काकांचा अनुभव अभियंता बाईंच्या शिस्तीला पूरक ठरतो. यंत्रे बहुधा परदेशातून मागवली जात असल्याने विक्रेता ती किनाऱ्यावर वापरून पाहू देईल, ही अपेक्षा व्यर्थ आहे. पण भोसरीत बसूनही बरेच काही तपासता येते. पुणे परिसरात बांधकामाला वापरली जाणारी क्रश सँड ही बेसाल्ट फोडूनच केलेली असते, म्हणजे अलिबागच्या काळसर वाळूची ती खडकाच्या नात्याने बहीण आहे. कॉइलच्या दुप्पट-तिप्पट रुंदीचे प्लास्टिकचे पिंप किंवा क्रेट या वाळूने भरून त्यात लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ विरघळवलेले पाणी ओतले, की एक कामचलाऊ पुळण तयार होते.

तंत्रज्ञ : कामचलाऊच, कारण खरी पुळण चारी बाजूंना पसरलेली असते आणि क्रेटमधले मीठ त्या मानाने कमी आवाज करते. इथे जे यंत्र नापास होईल ते अलिबागला नक्की नापास; इथे पास झालेले तिथे पास होईलच असे नाही. आणि हा प्रयोग शेडमध्ये करू नये. स्लॅबमध्ये आणि फरशीखाली सळया असतात, मोटारींचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडी ड्राइव्हमधून किलोहर्ट्झच्या पट्ट्यातलाच गोंगाट बाहेर पडत असतो, वर उच्च दाबाच्या तारा. उघड्या रानात जावे.

अभियंता : ग्रॅहॅम बेलचेही तसेच झाले होते. १८८१ मध्ये गोळी लागलेल्या अमेरिकी अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातली गोळी शोधण्यासाठी त्याने प्रवर्तनावर चालणारे यंत्र नेले, आणि गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी संकेत बिघडवला.

काकांच्या पक्षाचा आणखी एक मुद्दा टिकतो, तो निगेचा. खाऱ्या पाण्याने जोडण्या गंजतात, म्हणून प्रत्येक वापरानंतर यंत्र गोड्या पाण्याने धुणे अनिवार्य आहे, आणि वाळू उपसण्याचा जाळीदार स्कूप एसएस ३०४ ऐवजी ३१६ च्या छिद्रित पत्र्याचा करून घ्यावा, कारण सागरी क्षारांत ३०४ ला बारीक खड्डे पडतात. असा स्कूप भोसरीतला कोणताही फॅब्रिकेटर बनवून देईल. कॉइल मात्र तिथे गुंडाळून घेण्याच्या भानगडीत पडू नये. लांब दांड्यांचे, ‘शंभर मीटरवरचे सोने दाखवणारे’ यंत्र म्हणून जे विकले जाते, त्याचा विचार या दोन्ही पक्षांनी केलेला नाही, कारण वर सांगितलेल्या तत्त्वाने तसे काही शक्यच नाही.

दोन्ही बाजू ऐकल्यावर निर्णय असा लागतो. अलिबाग, काशीद, दिवेआगर अशा गर्दीच्या किनाऱ्यांवर, लोखंडाचा कचरा अधिक आणि वेळ ओहोटीपुरता असल्यामुळे, अनेक वारंवारतांचे जलरोधक यंत्र घ्यावे. बारीक साखळीचे वचन मात्र कोणालाही देऊ नये. काळबादेवीसारख्या दाट काळ्या वाळूत किंवा छातीभर पाण्यात शोधायचे असेल तर पी.आय. घ्यावे आणि खिळे उकरायची तयारी ठेवावी. एका वारंवारतेचे स्वस्त यंत्र कोरड्या वाळूपुरते ठीक आहे, पण वर्गणी काढून घेण्याइतके ते उपयोगी नाही. शोधाचे दिवस अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या उधाणाचे धरावेत, कारण तेव्हा समुद्र सर्वांत दूर जातो. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, उघडी पडणारी ओली वाळू फारच अरुंद असते.

सापडलेल्या वस्तूचे काय करायचे, यावर दोन्ही पक्षांत मतभेद नाही, कारण ते मतावर सोडलेलेच नाही. कोणाची तरी पडलेली अंगठी सापडली, तर भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या ७१ व्या कलमानुसार सापडवणाऱ्यावर ती दुसऱ्याची ठेव म्हणून सांभाळण्याची जबाबदारी येते. अलिबागचा कुलाबा किल्ला केंद्र सरकारने संरक्षित केलेले स्मारक आहे, तेव्हा ओहोटीच्या वेळी तिथपर्यंत चालत जाता येत असले तरी तिथे विनापरवाना उकरणे गुन्हा ठरतो. आणि दिवेआगरच्या वाडीत १९९७ मध्ये खोदताना तांब्याच्या पेटीत सोन्याचा गणेशमुखवटा सापडला होता, जो २०१२ मध्ये चोरीला गेला, ही घटना ज्यांच्या मनात घर करून आहे त्यांनी भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ वाचून ठेवावा. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची कोणतीही वस्तू सापडल्यास तिचे स्वरूप, अंदाजे किंमत, जागा आणि तारीख जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे त्या कायद्याने बंधनकारक आहे. रायगड जिल्ह्यासाठी ते कार्यालय अलिबागेतच आहे.